वस्तऱ्याची सनद

औरंगाबादच्या शहागंजात दुकान थाटायचे तर किती कागद लागतील, हे दुकान कशाचे यावर ठरते. औषधाचे असेल तर १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा. रिक्षा चालवायची तर परवाना हवा, बिल्ला हवा. भज्यांची गाडी लावायची तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, निदान कागदावर. पण गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरायचा, केसांना रसायन चोपडायचे, नवरीच्या चेहऱ्यावर ब्लीच लावायचे, तर ‘हे काम तुम्हाला येते का?’ असे विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. दुकानाची नोंद होते, घरमालक अनामत घेतो, वीज कंपनी मीटर देते. हाताची परीक्षा कोणी घेत नाही.

आणि तरीही घड्याळाच्या मनोऱ्यापासून राजाबाजाराकडे निघा नाहीतर चेलीपुऱ्याकडे वळा, पार्लर म्हटले की भिंतीवर चौकटीतले एक प्रमाणपत्र आलेच. सोनेरी किनार, खाली दोन सह्या, एक शिक्का. शेजारी फलक असतो : ब्रायडल मेकअप, मेंदी, क्लासेस सुरू. कायद्याने कधीच न मागितलेला हा कागद भिंतीवर आला कुठून? त्याचा माग काढायचा तर पार्लर सोडून बरेच मागे जावे लागते.

गावगाड्यात हा प्रश्नच नव्हता. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होता. हजामत वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे. त्याची सनद म्हणजे त्याचा जन्म. मुलगा बापाच्या मागे धोकटी घेऊन हिंडायचा. आधी वाटीत पाणी आण, मग वस्तरा चामोट्यावर परज, मग लहान पोरांची डोकी, आणि कित्येक वर्षांनी पाटलाची दाढी. तासांचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण ठेवला असता तर आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला लाजवील एवढा निघाला असता. ‘हात हलका आहे’ हे गावाचे चार शब्द हेच प्रमाणपत्र. ते मिळायला दहा वर्षे लागत आणि घालवायला एक कापलेला गाल पुरत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. न्हाव्याच्या पोराला दुसरे काही शिकता येत नव्हते आणि दुसऱ्या कोणाच्या पोराला हे. ज्याला आपण प्रशिक्षण म्हणतो ते तिथे जातीला जखडलेले होते.

शिवाय न्हाव्याचे काम नुसते केसांचे नव्हते. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण आळशी माणसासाठी वापरतो आणि तुंबडी म्हणजे काय ते विसरतो. दुखऱ्या जागेवर शिंग किंवा तुंबडी लावून अशुद्ध समजले जाणारे रक्त ओढून काढणे, हे न्हाव्याचे रीतसर काम होते. गळू फोडणे, काटा काढणे, नखे, मालीश, मोडलेले हाड बसवणे हेही त्याच धोकटीतले. शहागंजासारख्या वस्तीत त्यात आणखी भर पडत होती. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगजेबाची औरंगाबाद झाली, आणि शहागंजची मोठी मशीद १७२० च्या सुमाराची. मुघल, मग निजाम अशा दरबारी शहरात हज्जाम सुंता करायचा आणि जर्राह जखमा शिवायचा. नौखंडा महालात हमाम होता. जनान्यात नवरीला सजवायला मश्शाता यायची, तीच बऱ्याचदा स्थळेही सुचवायची. हिंदू घरात हळदीला, बाळंतिणीच्या मालिशीला न्हावीण यायची. आज ज्याला ब्युटिशियन म्हणतात तिच्या या दोन आज्या. दोघींनी कोणाकडे प्रमाणपत्र मागितले नाही आणि कोणी त्यांच्याकडे मागितले नाही.

औषधोपचार मात्र या हातांतून निसटले. इंग्लंडात हे आधीच झाले होते. लंडनचे न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघात होते, ते १७४५ मध्ये वेगळे झाले. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ चा वैद्यक कायदा आला, डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली आणि रक्ताशी संबंधित कामाला हळूहळू शिक्षणाची अट लागत गेली. न्हाव्याकडे उरले ते केस आणि कातडी. कायद्याने जणू ठरवून टाकले की त्वचेच्या आत जाणारा तो वैद्य, त्याला विद्या हवी. त्वचेवर थांबणाऱ्याला काही नको. ही रेघ तेव्हा ठीक असेल. वस्तरा कातडीवर थांबतो असे समजणाऱ्याने दाढी फारशी केली नसावी.

या धंद्याने स्वतःचा नियम स्वतः घातल्याचे एक उदाहरण मात्र महाराष्ट्रात आहे, आणि ते मला कुठल्याही परवान्यापेक्षा मोठे वाटते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. सत्यशोधकांची चळवळ, जोतीरावांची शिकवण त्यामागे होती. कारागिराने आपल्या हत्याराचा कोणता उपयोग करायचा नाही हे ठरवणे, याला आज व्यावसायिक नीतिमत्ता म्हणतात आणि त्याचे तास शिकवतात. त्या न्हाव्यांचे यात उत्पन्न बुडत होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

त्याच हत्याराची दुसरी बाजूही आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहून ठेवले आहे : गावात न्हावी होते, पण अस्पृश्य मुलाच्या केसांना हात लावायला एकही तयार नव्हता, थोरली बहीण केस कापायची. पुढे त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. स्वतंत्र भारताने न्हाव्याच्या खुर्चीबद्दल लिहिलेला पहिला मोठा कायदा हा कौशल्याचा नव्हता, खुर्चीत कोणाला बसू द्यायचे याचा होता. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्यात सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. मराठवाड्यातल्या खेड्यांत तो कितपत पोचला हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. पण क्रम बरोबर होता. आधी खुर्ची सर्वांची व्हायला हवी होती.

१९४८ मध्ये निजामी संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबईचा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला. त्याने सलूनवाल्याला विचारले : दुकान कधी उघडता, कधी बंद करता, आठवड्याची सुट्टी कोणती, नोकर किती? सोमवारी सलून बंद हा आपल्या बहुतेक गावांचा रिवाज या साप्ताहिक सुट्टीच्या चौकटीत पक्का बसला. २०१७ मध्ये नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी माणसे असतील तर नोंदणीही नको, ऑनलाइन कळवले की पुरे, असे ठरले. शहागंजातले बहुतेक सलून आणि पार्लर यातच बसतात.

म्हणजे गावाने जात विचारली, संविधानाने भेदभाव विचारला, कामगार खात्याने वेळ विचारली. आत काय चालते हे विचारायचे राहून गेले.

आत काय चालते याची पहिली झडती कायद्याने नव्हे, भीतीने घेतली. १९८६ मध्ये भारतात एड्सचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या दशकभरात प्रत्येक भिंतीवर त्याचे इशारे आले. त्यात सुई होती तसा वस्तराही होता. सलूनमध्ये पिढ्यान् पिढ्यांचा धारेचा वस्तरा मागे पडला आणि अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. गिऱ्हाईक म्हणू लागले, ‘नवीन पान टाक.’ दाढीपुरता एचआयव्हीचा धोका तसा अगदी कमी; खरा चिकट शत्रू हेपाटायटिस बी. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. पण त्याच्या नावाने कोणी घाबरले नाही. त्यामुळे ब्लेड बदलले आणि तुरटीचा खडा तोच राहिला. कापलेल्या एका गालावरून तो दुसऱ्या गालावर जातो, रक्त थांबवतो, जंतू मात्र मारतोच असे नाही. भीतीने शिकलेल्या गोष्टी अशा अर्ध्या राहतात.

इकडे बायकांचा धंदा वेगळ्या वाटेने चालला होता. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे काढली, १९७१ मध्ये शहनाझ हुसैन यांनी दिल्लीत घरातून काम सुरू केले, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत पार्लर नावाची गोष्ट जिल्ह्याच्या गावी पोचली. घराची पुढची खोली, एक आरसा, एक पडदा, ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी. इथे बाप-लेकाची परंपरा नव्हती, जात नव्हती, गावाचे चार शब्द नव्हते. मग ही बाई हे शिकली कुठे, असे गिऱ्हाईक विचारणारच. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे भिंतीवरचा कागद. शासनाला दाखवायला नव्हे, शेजारणीला दाखवायला तो आला.

कागदाची मागणी झाली तसा पुरवठाही झाला. आयटीआयमध्ये केस व त्वचा निगेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला, तोच पुढे बेसिक कॉस्मेटॉलॉजी झाला. १६०० तासांचा, आणि २०२२ च्या फेररचनेनंतर १२०० तासांचा. राज्याच्या व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळाचे छोटे अभ्यासक्रम आले. ज्यांच्याकडे पैसा होता त्या मुंबई-पुण्याला जाऊन झुरिकच्या सिडेस्कोची पदविका घेऊ लागल्या : १२०० तास शिक्षण आणि वर ६०० तास प्रत्यक्ष काम. २०१५ च्या कौशल्य विकास योजनेने काही आठवड्यांचे वर्ग गल्लोगल्ली नेले. आणि या सर्वांच्या खाली, संख्येने सर्वांत मोठा, खाजगी क्लास. सात दिवसांत बेसिक, तीन महिन्यांत ॲडव्हान्स, प्रमाणपत्रासह. चौकटीत घातल्यावर १६०० तासांचा कागद आणि सात दिवसांचा कागद सारखेच दिसतात, हीच खरी अडचण.

मग सरळ उपाय सुचतो : परवाना सक्तीचा करा, अमुक तास ठरवा. हा उपाय जगात करून झालेला आहे. जर्मनीत केशकर्तनाचे दुकान काढायला मास्टरची परीक्षा लागते. अमेरिकेत मिनेसोटाने १८९७ मध्येच न्हाव्यांना परवाना लावला आणि मग एकेक राज्य तास वाढवत गेले. पण जिथे तास होते तिथेच ते कमी करण्याची चळवळ झाली. टेक्ससने दीड हजारांचे हजार केले, कॅलिफोर्नियाने २०२२ पासून १६०० चे हजार. कारण तासांचा फायदा गिऱ्हाइकापेक्षा शिकवणाऱ्या शाळांना जास्त झाला आणि गरीब मुली कर्जात गेल्या.

टेक्ससचा एक खटला तर आपल्या शहागंजाने वाचावा असा आहे. दोऱ्याने भुवया कोरण्याचे काम, आपले थ्रेडिंग, तिथे भारतीय आणि इतर आशियाई लोकांनी नेले. राज्य म्हणाले, ७५० तासांचा परवाना घ्या. त्या ७५० तासांत थ्रेडिंग शिकवणे बंधनकारकच नव्हते! आशिष पटेल आणि सहकारी कोर्टात गेले. २०१५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. त्यातले सुमारे ३२० तास थ्रेडिंगच्या स्वच्छतेशी किंवा सुरक्षिततेशी संबंधच नसलेले निघाले. दातात दोरा धरून जे काम आपल्याकडे दहावीतली मुलगी मावशीकडून एका सुट्टीत शिकते, त्यावर एवढा कायदेशीर खल झाला.

परवाना कोणाच्या हातात असतो, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायला नको. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप कलाकारांच्या संघटनेचे कार्ड असल्याशिवाय काम मिळत नसे. आणि नियम काय? मेकअपचे कार्ड पुरुषांना, बायकांना फक्त केशभूषेचे. वर महाराष्ट्रात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट. परदेशातून रीतसर शिकून आलेल्या चारू खुराणा यांनाही कार्ड मिळाले नाही. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अटी घटनाबाह्य ठरवल्या. रंगाची डबी पुरुषाच्या हाती का, याचे समाधानकारक उत्तर अनेक दशकांत कोणी दिले नव्हते. कौशल्याच्या नावाने उभे केलेले दार कोणाला बाहेर ठेवण्यासाठी वापरले जाईल, हे दार उभे करताना सांगता येत नाही.

म्हणून तासांची गोष्ट निघाली की मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव आठवतात. ऐंशीच्या दशकात नवरा गेला, पदरी मुली होत्या, आणि या बाईने त्याचा वस्तरा हातात घेऊन पुरुषांच्या दाढ्या करायला सुरुवात केली. गाव आधी हसले, मग रांगेत बसले. त्या दिवशी ‘आधी १६०० तास भरा’ म्हणणारा कायदा असता तर त्या पोरी उपाशी राहिल्या असत्या.

पण एवढ्यावर थांबून ‘काहीच नको’ म्हणणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही. कारण पार्लरमध्ये आता दोरा आणि उटणे एवढेच उरलेले नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्याची बातमी आली. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम त्या वापरत होत्या. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि क्रीममध्ये पारा निघाला. ते विकणारीला बहुधा पारा म्हणजे थर्मामीटरमधला एवढेच ठाऊक असेल. काळ्या डायमधल्या पीपीडी रसायनाने चेहरा सुजणे तर प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाच्या रोजच्या पाहण्यातले. आपल्या नियमांनी अशा डायच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणे बंधनकारक केले आहे : आधी कानामागे थोडे लावून २४ तास थांबा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. ‘भुवयांनाही थोडा हात फिरवू का?’ हा प्रश्न मात्र सलूनमध्ये अजून फुकट मिळतो. केस धुताना मान मागे फार ताणली गेली तर मेंदूचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, हे अमेरिकेत १९९३ मध्ये नोंदले गेले. हैदराबादेत २०२२ मध्ये तसा झटका एका महिलेला आला. आणि केसरोपणाच्या नावाने जे काही चालू झाले त्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लिहून सांगावे लागले की यूट्यूब बघणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. १९१२ ची ती रेघ, त्वचेच्या आत आणि त्वचेवर, आता पार्लरमध्ये रोज ओलांडली जाते.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातले सलून मार्चपासून बंद होते. नाभिक संघटना रस्त्यावर आल्या, आणि २८ जूनपासून ते उघडले : केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल, त्वचेशी संबंधित काम नाही. प्रत्येक गिऱ्हाइकामागे खुर्ची पुसा, टॉवेल एकदाच वापरा, हत्यारे निर्जंतुक करा. आमच्या शहरातल्या कारागिरांनी ते महिनोन् महिने पाळलेही. खुर्चीत काय व्हावे हे शासनाने इतक्या बारकाईने पहिल्यांदाच लिहिले होते. साथ ओसरली आणि ते कागदही गेले.

मग २०२३ च्या १७ सप्टेंबरला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक धंद्यांत न्हावी आहे. पाच ते सात दिवसांचे, सुमारे ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५ हजारांची हत्यारे, पुढे स्वस्त व्याजाचे कर्ज. एकाच देशाचे एकच सरकार एका दाराने १२०० तास शिकवते आणि दुसऱ्या दाराने ४० तास. दोन्ही माणसे उद्या शहागंजात शेजारी शेजारी दुकान काढतील. या विसंगतीवर हसू येते, पण मला त्यातच वाट दिसते. कटिंग चांगली की वाईट, मेकअप उतरला की टिकला, हे गिऱ्हाईक ठरवील. त्याला सरकार नको, ‘हात हलका आहे’ एवढे पुरते. सरकारने विचारायचे ते एवढेच, जे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसून दिसत नाही : हत्यार उकळले का, बाटलीत काय आहे, रक्त आले तर काय करायचे, कोणते काम डॉक्टरचे आहे. त्याला ४० तासही भरपूर आहेत. ते फुकट असावेत, मराठी आणि उर्दूत असावेत, शेवटी तोंडी परीक्षा असावी, आणि ज्याला आधीच येते त्याने थेट परीक्षेला बसावे. रसायने आणि यंत्रे वापरणाऱ्यांना त्यापुढची पायरी. आरोग्याला धोका असलेल्या धंद्यांना परवाना लावण्याचा अधिकार महापालिकेकडे आहेच. तो शुल्कापुरता न वापरता या परीक्षेला जोडावा. बाराशे तासांची सक्ती मात्र कोणी सुचवली तर तिला विरोध करावा, कारण तिचा पहिला बळी शहागंजच्या पडद्याआडची ती एका आरशाची खोली असेल आणि पहिला नफा क्लासवाल्याचा.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत खुर्चीत बसलात की ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, तुरटीचा खडा नको म्हणा, डाय लावायचा असेल तर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा, आणि डबीवर बनवणाऱ्याचे नाव नसलेले गोरेपणाचे क्रीम कोणीही दिले तरी घेऊ नका.